फोटोवरून भोपळ्याचा साचा: डोळा आत पडू नये म्हणून

३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला इथे, म्हणजे अमेरिकेत, भोपळा पोखरून त्यावर चेहरा कोरतात आणि आत दिवा लावतात. घरच्या कुणाचा चेहरा कोरायचा तर फोटोवरून कागदाचा साचा करून तो भोपळ्यावर उतरवावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या मराठी मित्रमंडळींचे मला जे फोन येतात त्यांतली तक्रार ठरलेली असते. "साचा कॉम्प्युटरवर छान दिसत होता. कोरायला घेतला आणि डोळ्याची बाहुली टपकन आत पडली." पाठोपाठ दुसरा फोन: "कोरलं नीट, पण दिवा लावल्यावर पोरगी ओळखूच येत नाही, भूत दिसतंय." हॅलोवीन आहे म्हणून दुसरी तक्रार खपून जाते, पहिली खपत नाही.

हात चुकला असं सगळ्यांना वाटतं. पण बहुतेक वेळा चूक साच्यातच असते, करवत हातात घेण्याच्या कितीतरी आधी. म्हणून या लेखात कोरण्यापेक्षा साच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जे कापाल ते उजळेल, जे ठेवाल ते काळं दिसेल. आणि जे ठेवाल ते कशाला तरी धरून राहिलं पाहिजे. लहानपणी काळ्या कार्डपेपरचा आकाशकंदील केला असेल, तर अर्धं कळलंच. फरक एवढाच की कंदिलाला मागून जिलेटीन कागद असतो, सुटा तुकडा त्यावर डकवता येतो. भोपळ्याला मागे कागद नाही. सुटा तुकडा खाली पडणारच.

जमवाजमव

भोपळ्यासाठी मिळणारी बारीक दात्यांची छोटी करवत, टाचणी किंवा जाड सुई, मजबूत चमचा, पारदर्शक चिकटपट्टी, मोजपट्टी आणि साच्याच्या दोन छापील प्रती. साल खरवडायला लिनोकटचं, म्हणजे ठसे कोरायचं, हत्यार असेल तर उत्तम, नाहीतर बटाट्याच्या सोलाण्याचं टोकही चालतं. कॉम्प्युटरवर गिम्प हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. काही उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी वापरा. खाली मेनूंची नावं गिम्पची दिली आहेत.

१. फोटो निवडणं

फोटो सुंदर असण्याशी इथे काही देणंघेणं नाही. हवी ती सावली. एका बाजूने उजेड आणि दुसरी बाजू अंधारात, असा फोटो साच्यासाठी सोन्यासारखा. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेला फोटो सपाट असतो. त्यात नाकाची सावली नसते आणि नाक नसलेला चेहरा ओळखू येत नाही.

जुना फोटो शोधत बसण्यापेक्षा नवाच काढा. माणसाला खिडकीशेजारी असं उभं करा की उजेड एका गालावर पडेल. खोलीतले बाकीचे दिवे बंद. मागे गडद पडदा किंवा भिंत. फोटो दीड-दोन मीटर लांबून काढा आणि नंतर कापून घ्या. हातभर अंतरावरून काढला तर नाक फुगतं.

दात दाखवून हसणारा फोटो टाळा. साच्यात प्रत्येक दात पांढरी खिडकी होतो आणि दोन दातांमधली रेघ इतकी बारीक होते की ती टिकत नाही. मग दोन दात एकत्र होतात आणि लाडकी भाची म्हातारी दिसते. ओठ मिटून हसायला सांगा. चष्मा, मिशी, दाढी, टोपी मात्र जरूर असू द्या. या गोष्टींनी माणूस ओळखू येतो आणि पुढे पाचव्या टप्प्यात त्यांचा वेगळाच उपयोग होतो.

तपासणी: डोळे किलकिले करून फोटोकडे बघा. तपशील नाहीसे होऊनही माणूस ओळखू येत असेल तर फोटो घ्या. नसेल, तर कॉम्प्युटर काही जादू करणार नाही.

२. आधी भोपळा मोजा, मग कागद

लोक आधी साचा छापतात आणि मग तो भोपळ्यावर मावत नाही म्हणून कडेने दुमडतात. कान मागे जातात. उलटा क्रम ठेवा: भोपळा आधी आणा.

भोपळ्याचा घेर टेपने मोजा आणि त्याला चारने भागा. साच्याची रुंदी त्याहून जास्त नको. ३० सेंटीमीटर व्यासाच्या भोपळ्याचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर, म्हणजे जास्तीत जास्त २३ सेंटीमीटर. मी १८ वरच थांबतो, कारण त्यापुढे गोलाई जाणवायला लागते आणि चेहरा बाजूला ताणलेला दिसतो.

भोपळा घेताना शिरा उथळ असलेला, गुळगुळीत आणि उभट बघा. खाली ठेवल्यावर डुलता कामा नये. इंडियन दुकानातला भाजीचा लाल भोपळा म्हणजे आपलं डांगर या कामाला बरं नाही. ते चपटं असतं, शिरा खोल असतात आणि गर जाड. त्याचे घारगे करा.

३. राखाडी, धूसर, मग काळं-पांढरं

या तीन पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

पहिल्यांदा चेहरा कापून घ्या आणि मागचं सगळं काळ्या रंगाने भरा. चित्राचं माप छापील मापाला जुळवा: १८ सेंटीमीटर रुंदीसाठी दर इंचाला २०० पिक्सेल धरले तर रुंदी सुमारे १,४०० पिक्सेल येते. इंचाला २०० हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

मग 'कलर्स' मेनूतून 'डिसॅच्युरेट' करून फोटो राखाडी करा. त्यानंतर 'गॉशियन ब्लर', साधारण ५ पिक्सेल. इथे नवखे लोक बिचकतात, की चांगला फोटो मुद्दाम का बिघडवायचा? कारण त्वचेवरची रंध्रं आणि केसांचे तंतू तसेच राहिले तर पुढच्या पायरीत चेहऱ्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके उमटतात. ते ठिपके भोपळ्यात कापता येत नाहीत.

आता 'कलर्स' मधलं 'थ्रेशोल्ड' उघडा. सरकपट्टी हलवाल तसं चित्र काळं-पांढरं होत जाईल. ती मधोमध १२७ वर सुरू होते आणि ९० टक्के लोक ती तिथेच सोडतात, असं म्हणायचा मोह होतो. मोजलेलं नाही, पण मला येणाऱ्या साच्यांवरून तरी तसंच वाटतं. पट्टी हलवत राहा. उजेडाकडचा गाल पांढरा, नाकाची सावली काळी आणि दोन्ही डोळे ओळखू येतील अशी जागा शोधा.

एकाच आकड्यावर सगळा चेहरा जमणं अवघड असतं. अंधारातला डोळा गिळला जातो किंवा उजेडातला गाल सपाट होतो. अशा वेळी राखाडी चित्राचे दोन थर करा, दोन्हींवर वेगवेगळा थ्रेशोल्ड लावा आणि वरच्या थरातला नको तो भाग खोडून टाका. खालचा डोळा वर येतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ओळख पटण्यात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

सावधान: चित्र उलटं करू नका. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ साच्यांत कापायचा भाग काळा छापलेला असतो. ते पाहून लोक आपलं चित्रही उलटवतात आणि गोंधळतात. दिवा लागल्यावर गाल काळे आणि डोळ्यांचे खळगे उजळ, म्हणजे जुन्या फिल्मची निगेटिव्ह. भूत दिसण्याचं मुख्य कारण हेच. आपला नियम एकच ठेवा: पांढरं म्हणजे कापायचं.

कॉम्प्युटर नकोच असेल तर फोटो राखाडी छापा, खिडकीच्या काचेला लावा, वर ट्रेसिंग पेपर धरून सावल्यांच्या कडा स्केचपेनने गिरवा. चित्रकला बरी असलेल्यांचा साचा असा केलेलाच जास्त चांगला येतो.

४. तिसरी छटा

भोपळ्यात दोन नाही, तीन छटा मिळतात. आरपार कापलेला भाग लख्ख. साल शाबूत असलेला भाग काळा. आणि वरची साल खरवडून गर तसाच ठेवलेला भाग मंद केशरी उजळतो. जितका खोल खरवडाल तितका जास्त उजेड.

साच्यात हा मधला भाग राखाडी रंगवा. गालाचा सावलीकडचा उतार, मान, शर्टाची कॉलर, ही राखाडीची नेहमीची ठिकाणं.

माझी फजिती सांगतो. सांगलीहून आलेल्या आबांचा टोपी घातलेला फोटो नातवंडांनी भोपळ्यासाठी निवडला. टोपी पांढरीशुभ्र, थ्रेशोल्डमध्ये पांढरीच आली आणि मी ती आरपार कापली. झाकणही वरून कापलं होतं. टोपी आणि झाकण यांच्यामध्ये राहिली बोटभर रुंदीची पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खचली आणि देठासकट झाकण आबांच्या कपाळावर उतरलं. आबा म्हणाले, "टोपी गेली ती गेली, वर हे मुंडासं कुणी घातलं?" पुढच्या वर्षी तीच टोपी राखाडी केली, नुसती खरवडली. दोन दिवस जागची हलली नाही, आणि खरं सांगायचं तर दिसलीही जास्त कापडासारखी.

त्यामुळे माझा आता नियम आहे: तीन बोटांहून रुंद असा कुठलाही पांढरा पट्टा आरपार कापायचा नाही. त्याचा निम्मा भाग तरी राखाडीत ढकलायचा.

५. बेटं शोधा, पूल बांधा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे.

चारही बाजूंनी पांढऱ्याने वेढलेला काळा तुकडा म्हणजे बेट. धान्याच्या पोत्यांवर किंवा पाण्याच्या टाकीवर पत्र्याच्या छाप्याने उमटवलेली अक्षरं आठवा. 'ठ' आणि 'छ' मधली पोकळी कधीच पूर्ण बंद नसते, एखाद्या बारीक पट्टीने ती बाहेरच्या पत्र्याला बांधलेली असते. ती पट्टी म्हणजे पूल. नसती तर पत्र्यातून मधला तुकडाच गळाला असता. आपल्याला चेहऱ्यात तेच करायचं आहे.

बेटं डोळ्यांनी शोधू नका, हमखास एखादं निसटतं. अशी युक्ती करा. साच्याची एक प्रत घ्या आणि त्यात थ्रेशोल्डची पट्टी २०० च्या आसपास नेऊन फक्त पांढरं तेवढं पांढरं ठेवा. राखाडी काळ्यात जाईल. ते बरोबरच आहे, कारण खरवडलेला भाग जागेवर उभाच असतो. आता रंग ओतण्याची बादली घ्या, लाल रंग निवडा आणि चित्राच्या काळ्या कडेवर एकदा क्लिक करा. कडेशी जोडलेलं सगळं लाल होईल. जे अजून काळं राहिलं, ते कोरल्यावर आत पडणार.

नेहमीची बेटं चार: डोळ्याची बाहुली, नाकपुडी, दोन ओठांमधली रेघ आणि चष्म्याच्या काचेआडचा अख्खा डोळा.

पाचवं बेट लोक स्वतःच्या हाताने तयार करतात. चेहरा उठून दिसावा म्हणून डोक्याभोवती सलग पांढरी रेघ ओढतात. रेघ पूर्ण झाली की आतलं अख्खं डोकंच बेट होतं, आणि शेवटचा टाका कापताच सगळं मुंडकं भोपळ्यात जाऊन बसतं. काळ्या केसांना बाह्यरेषेची गरज नसते. केस अंधारात विरतात, कपाळाचा उजेड जिथे संपतो तिथे केस सुरू झाले हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

पूल कुठे घालायचा? चेहऱ्यात जिथे तशीही रेघ असते तिथे. बाहुली वरच्या पापणीला टेकवा. उघड्या डोळ्यात ती तशी अर्धवट झाकलेलीच असते. नाकपुडी नाकाच्या सावलीला जोडा. ओठांची रेघ दोन्ही कोपऱ्यांतून गालाच्या सुरकुतीत नेऊन सोडा. चष्मा असेल तर देवाने दिलेला पूल: काडी थेट कानापर्यंत जाते. गडद मिशी नाकाला आणि दोन्ही गालांना एकत्र बांधते. आबांची मिशी मात्र पांढरी, ती उजळ ठेवून तिच्याखालची सावली पूल म्हणून वापरावी लागली. गालाच्या मधोमध आडवा पूल टाकलात तर तो जखमेच्या व्रणासारखा दिसतो.

पुलाची जाडी छापील कागदावर किमान ६ मिलीमीटर हवी. आपल्या २०० पिक्सेलच्या हिशेबात हे साधारण ५० पिक्सेल होतात. तपासायला लाल झालेला भाग निवडा आणि 'सिलेक्ट' मेनूतून 'श्रिंक' २५ पिक्सेल करा. निवड जिथे तुटली तो पूल बारीक आहे. बारीक टोकं यात नाहीशी होतील, त्यांची काळजी नको. फक्त जोड तुटले का ते बघायचं.

बेटांइतकीच घातक असते जीभ. म्हणजे एकाच टोकाला धरलेला लांबोळका काळा तुकडा, उदाहरणार्थ कपाळावर आलेली बट. भोपळा वाळायला लागला की जीभ आत वळते. चार-पाच सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर तिचं दुसरं टोकही कुठेतरी बांधा.

शेवटी उलटी पाहणी: ४ मिलीमीटरपेक्षा लहान पांढरे ठिपके काळे करून टाका. त्यांत करवत शिरत नाही. डोळ्यातली चमक तेवढी ठेवा, ती ड्रिलने एका भोकात होते.

६. छापा आणि अंधारात बघा

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवून १०० टक्के मापावर छापा आणि मोजपट्टी लावून रुंदी बघा. प्रिंटरने माप बदललं की तुमचा ६ मिलीमीटरचा पूल ४ चा होतो. आरशासारखं उलटवायची गरज नाही, आपण बाहेरूनच कोरणार आहोत.

एक प्रत काळ्या कार्डपेपरला चिकटवून पांढरे भाग ब्लेडने कापा, राखाडी भागांच्या जागी मागून साधा कागद लावा आणि खोलीत अंधार करून दिव्यासमोर धरा. तीन मीटरवरून घरातल्या कुणाला तरी विचारा, हा कोण? आधी नाव सांगू नका. हीच खरी परीक्षा, आणि ती अर्ध्या तासात कागदावर होते. भोपळ्यावर नापास झालात तर नवा भोपळा आणावा लागतो.

उत्तर चुकलं तर बहुतेक वेळा भुवयांकडे बघा. भुवया साच्यात पातळ झाल्या की माणूस हरवतो. त्या थोड्या जाड करा.

साचा पास झाला की प्रत्येक पांढऱ्या तुकड्याला क्रमांक द्या. मधले आणि लहान तुकडे आधी, कडेचे आणि मोठे शेवटी.

७. भोपळा पोखरणं

झाकण वरून कापू नका. बुडाशी किंवा पाठीमागे भोक पाडा. वरची कड चेहऱ्याला आधार देते आणि देठही शाबूत राहतो. बिया आणि धागे काढून चेहऱ्याच्या बाजूची भिंत चमच्याने खरवडत आतून सारखी करा. अडीच सेंटीमीटर जाडी ठीक; खरवडीचा राखाडी भाग जास्त असेल तर दोनपर्यंत आणा. त्याखाली नको, पूल लुळे पडतात.

तपासणी: पुढे कापला जाणार असलेल्या भागात खूण केलेली सुई बाहेरून खुपसा आणि जाडी मोजा. तीन-चार जागी करा. अंदाजाने केलेली भिंत हटकून खाली जाड आणि वर पातळ निघते.

८. साचा चिकटवणं आणि टोचणं

साल ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. ओल्या सालीवर पट्टी टिकत नाही. कागद सपाट आणि भोपळा गोल, म्हणून कागदाच्या कडेने आत दोन-दोन सेंटीमीटरच्या चिरा द्या आणि ब्लाउजला टक्स घालतात तशी कड एकमेकीवर सरकवा. चिरा चेहऱ्यात शिरू देऊ नका. आधी कपाळ आणि हनुवटी मधोमध चिकटवा, मग कान.

आता टाचणीने प्रत्येक कडेवर ३ मिलीमीटर अंतराने टोचत जा, वळणांवर आणखी दाट. साल फुटेल एवढंच, खोल नको. ज्यांच्या घरी ठिपक्यांच्या रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असायचा त्यांना हे काम नवीन वाटणार नाही. राखाडीच्या कडाही टोचायच्या, पण लांब अंतराने, म्हणजे दोन्ही वेगळ्या ओळखू येतात.

कागद काढला की ठिपके दिसेनासे होतात आणि लोक घाबरतात. चिमूटभर मैदा सालीवर चोळा आणि वरचा झटका. मैदा भोकांत बसतो, चेहरा पांढऱ्या ठिपक्यांनी उमटतो. दुसरी छापील प्रत समोर भिंतीवर लावून ठेवा. नुसत्या ठिपक्यांवरून कुठलं आत नि कुठलं बाहेर हे दहाव्या मिनिटाला कळेनासं होतं.

९. कोरण्याचा क्रम

खरवडायचे राखाडी भाग आधी. तेव्हा भिंत अखंड असते, जोर सोसते. त्यानंतर क्रमांकाप्रमाणे आरपार कापा: डोळे, नाक, ओठ, मग गाल, मग कपाळ. करवत सालीला काटकोनात धरा आणि दाबू नका, नुसती वरखाली चालवा. कोपऱ्यावर करवत वळवायची नाही. बाहेर काढून दुसऱ्या बाजूने घालायची. पूल तुटतात ते या वळवण्याने.

मोठा तुकडा एकसंध ढकलला तर शेजारचा पूल घेऊन जातो. त्याचे दोन-तीन भाग करून एकेक काढा. पूल तुटलाच तर रडू नका, दोन्ही टोकांत टूथपिक खुपसून जोडा, अंधारात दिसत नाही.

सगळं कापून झाल्यावर कापलेल्या कडा आतल्या बाजूने तिरक्या तासा. बाहेरची रेघ तशीच राहते, पण जाड भिंतीची सावली कमी होऊन उजेड मोकळा येतो. हे न केल्यामुळे चांगले साचेही फिके दिसतात.

सावधान: मुलांना बिया काढायला, टोचायला, मैदा चोळायला द्या. करवत मोठ्यांच्या हातात, आणि दुसरा हात करवतीच्या वाटेत नको.

१०. दिवा आणि दिवस

कोरलेला भोपळा थंड हवेत चार-पाच दिवस तग धरतो, उबदार गावात दोनच. म्हणून साचा आठवडाभर आधी तयार ठेवा, पण कोरायचं २९ किंवा ३० ऑक्टोबरला. काही वर्षी दिवाळीही याच दिवसांत येते. २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. तेव्हा फराळ नि भोपळा एका ओट्यावर आणू नका, एवढाच सल्ला.

चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून ब्लीच घालून आतून आणि कडांवर फवारलं की बुरशी उशिरा येते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. भोपळा मलूल झाला तर काही तास थंड पाण्यात बुडवून ठेवा, पुलांना पुन्हा ताठपणा येतो.

आत मेणबत्तीऐवजी एलईडी दिवा ठेवा, पांढरा आणि प्रखर. मेणबत्तीची धग बारीक पुलांना आतून शिजवते आणि तिच्या लवलवत्या उजेडात तुमची राखाडी छटा दिसतच नाही. दिवा चेहऱ्याच्या थेट मागे न ठेवता पाठच्या भिंतीजवळ ठेवा, नाहीतर एका डोळ्यातून नुसता बल्ब दिसतो.